पिवळी प्रत

गुरुवारी संध्याकाळी संहितानं फोन करून सांगितलं, की रविवारी साडेतीनला हेंक बोलणार आहे, आणि तेव्हापासून कृष्णाजींच्या घशाखाली घास उतरेना.

संहिता त्यांच्या थोरल्या मुलीची मुलगी. वय सव्वीस. बेंगळुरातच, एचएसआर लेआउटमध्ये मैत्रिणींबरोबर राहते आणि तिथल्याच एका कंपनीत नोकरी करते. हेंक हा हॉलंडमधला एक निवृत्त लेथ कामगार, ऐंशी वर्षांचा. कृष्णाजींनी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. त्याची पत्रं मात्र वाचली होती, बेचाळीस वर्षांपूर्वी.

"तिकडे लीस म्हणून एक बाई आहे," संहिता सांगत होती. "एका देशातल्या कामगारांनी दुसऱ्या देशातल्यांसाठी काम अडवलं, त्याचा इतिहास लिहितेय. हेंकच्या ट्रंकेत तिला मल्लाप्पाअज्जांचं पत्र सापडलं. आमच्या युनियनच्या पानावर मी तुमच्या कारखान्याबद्दल लिहिलं होतं ना, त्यावरून तिनं मला गाठलं. तिला त्या दोघांना बोलतं करायचंय. मल्लाप्पाअज्जांना इंग्लिश जमणार नाही, तर मधे तुम्ही बसा."

"काय विचारणार आहे ती?"

"तारखांचं काहीतरी जुळत नाही म्हणाली. रविवारी कळेल की. सरी, ठीक आहे, ठेवते."

फोन बंद झाला तरी कृष्णाजी तो कानाला लावून उभे होते. जुळणार नाहीतच तारखा. हे साऱ्या जगात एकट्या त्यांना ठाऊक होतं.

कृष्णाजी पंच्याहत्तरीचे, अंगानं किरकोळ, शर्टाचं गळ्याजवळचं बटणही लावणारे. त्यांचं घराणं मराठी फौजेबरोबर बेंगळुरात आलं असं घरात सांगतात, पण घोड्यावर बसलेलं कुणी त्यांनी पाहिलेलं नाही. आजोबा कारकून, वडील कारकून, आणि ते स्वतः पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या पंप कारखान्यात पस्तीस वर्षं टायपिस्ट. मिनिटाला साठ शब्द, आणि साहेब शेजारी उभा असला तर पासष्ट. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. जयनगरच्या त्यांच्या गल्लीत कुणाला अर्ज लिहायचा असला तर आजही माणसं त्यांच्याकडेच येतात.

अशा माणसाला एकच मित्र होता आणि तो अगदी उलट्या स्वभावाचा. मल्लाप्पा चिक्कोडीकडचा, कारखान्यात टर्नर, आवाज गेटच्या बाहेर जाईल असा. कॅन्टीनमध्ये एकदा त्यानं आमटीला मराठीतून नावं ठेवली आणि शेजारच्या टेबलावर कृष्णाजी हसले. मैत्री झाली ती तिथं. आपल्या भाषेत साहेबांची निंदा करता येते आणि कुणाला कळत नाही, हे सुख दोघांनी पुष्कळ वर्षं भोगलं.

त्या काळी युनियनच्या दाराशी जगभरची पत्रकं येत. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणकामगारांसाठी ठराव, चिलीतल्या कैद्यांसाठी तार, अणुबॉम्बविरुद्ध सह्या. ठराव कन्नडमध्ये व्हायचा, मल्लाप्पा तो गेटवर वाचायचा आणि कृष्णाजी जेवणाच्या सुट्टीत त्याचं इंग्रजी करून टाइप करून द्यायचे. तिकडं कुणी ते वाचत असेल यावर कृष्णाजींचा विश्वास नव्हता. मल्लाप्पाचा होता.

मग एक दिवस उत्तर आलं. कंपनी मूळची डच. हॉलंडच्या कारखान्यात संप सुरू होता आणि तिथलं अडलेलं काम कंपनीनं पेट्यांत भरून बेंगळूरला पाठवलं होतं. हेंकनं लिहिलं होतं, "पेट्यांवर लाल पट्टा असेल. ते काम तुम्ही केलंत तर आमचा संप संपला." पेट्या आल्या. लाल पट्टा होता. मल्लाप्पासह अकरा टर्नरांनी त्यांना हात लावायचा नाही असं ठरवलं. उघड नकार द्यायचा नाही. कधी हत्यार बोथट, कधी माप चुकलेलं, असं करत काम रखडवायचं. आणि हेंकला कळवायचं, अकरा नावांनिशी, म्हणजे तिकडच्या माणसांना धीर येईल.

"पत्र एकच," मल्लाप्पानं कृष्णाजींना बजावलं. "दुसरी प्रत न्हाई. कुठंच न्हाई."

तीन ऑक्टोबरला जेवणाच्या सुट्टीत कृष्णाजींनी ऑफिसच्या मशीनवर ते पत्र टाइप केलं. आता टायपिस्टच्या हाताचं असं असतं, की तो विचारून काम करत नाही. पांढरा कागद, कार्बन, खाली पिवळा पातळ कागद, तिन्ही एकत्र ठोकून रुळावर चढवायचे. दिवसातून चाळीस वेळा. कृष्णाजींचं डोकं इंग्रजी वाक्य जुळवण्यात आणि दाराकडे लक्ष ठेवण्यात गुंतलं होतं. पांढरा कागद त्यांनी घडी करून खिशात घातला. पिवळा कागद हातानं डावीकडच्या ट्रेमध्ये टाकला, जसा रोज टाकायचा. चार वाजता शिपायानं ट्रेमधले सगळे कागद भोकं पाडून जावक फायलीत लावले.

बारा तारखेला अकराही जणांना आरोपपत्रं मिळाली.

कृष्णाजींना आधी काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीनशेजारचा कार्बन सहज उजेडाकडे धरला. तीन तारखेला नवाकोरा काढलेला, दोनतीनदा वापरून कागदांखाली राहून गेलेला तो कार्बन होता, आणि त्यात मल्लाप्पाचं नाव सगळ्यात वर स्वच्छ उमटलं होतं. त्यांनी जावक फाइल मागितली. ती कामगार अधिकाऱ्यानं दहा तारखेलाच वर नेली होती, असं शिपाई म्हणाला.

दहा जणांनी माफी लिहून दिली. मल्लाप्पानं दिली नाही. चौकशीत त्याला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, हे इंग्रजी पत्र तुला टाइप करून कुणी दिलं? तो म्हणाला, मीच केलं. अधिकाऱ्यानं समोर मशीन ठेवलं आणि म्हणाला, कर. मल्लाप्पानं एका बोटानं स्वतःचं नाव टाइप केलं, चार मिनिटं लागली, त्यात दोन चुका. "त्या दिवशी जरा हात चालला होता," असं तो म्हणाला म्हणे. त्याला कामावरून काढलं. कृष्णाजींचं नाव कुठंही आलं नाही. त्यांची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती आणि बायकोला, भागुबाईंना, धाकट्याच्या वेळचे दिवस होते.

इथवरची चूक हाताची होती. पुढची तशी नव्हती.

नोव्हेंबरात हेंकचं पत्र आलं. मल्लाप्पानं ते कृष्णाजींकडे वाचायला आणलं. हेंकनं लिहिलं होतं, की तुमचं पत्र एकोणीस ऑक्टोबरला मिळालं आणि वीस तारखेला आम्ही तुमची अकरा नावं गेटवर मोठ्यानं वाचली, माणसं टाळ्या वाजवत होती. कृष्णाजींनी मराठीत सांगताना एकोणीस आणि वीस हे दोन शब्द गाळले.

"म्हणजे गेटवर वाचली नावं," मल्लाप्पा म्हणाला. "आणि तिथनं कंपनीनं ऐकली."

कृष्णाजींनी पत्राची घडी घातली.

मल्लाप्पानं तिथंच बसून उत्तर सांगितलं. तुम्ही टाळ्या वाजवल्या, आम्ही नोकरी घालवली; माझं नाव पुन्हा तोंडात घेऊ नकोस. मधे चिक्कोडीकडच्या चारपाच शिव्याही होत्या. कृष्णाजींनी त्याचं चांगलं इंग्रजी केलं आणि पत्र पोस्टात टाकलं.

मल्लाप्पानं मग शिवाजीनगरला बस स्टँडच्या मागे मोटारींचे भाग दुरुस्त करायचा छोटा वर्कशॉप काढला. आता तो त्याचा मुलगा उपेंद्र बघतो. वर दोन खोल्या आहेत. दर रविवारी सकाळी कृष्णाजी तिथं जातात आणि दोघं कॉफी पितात, असं बेचाळीस वर्षं चाललं होतं.

शुक्रवारी दुपारीच कृष्णाजी शिवाजीनगरला उतरले. खाली उपेंद्र ग्राइंडर चालवत होता. मल्लाप्पा वर पाय पसरून बसला होता.

"काय किट्टण्णा, शुक्रवारचाच आलायस? का वहिनीनं घालवून दिलं?"

"बाजारात काम होतं स्वल्प."

"जयनगर सोडून इकडं बाजार? कांदा सोन्याचा झाला काय तुमच्याकडं?" मल्लाप्पानं त्यांच्याकडे नीट बघितलं. "पोरीचा फोन आला होता मला पण. त्या हेंक्याला बोलायचंय म्हणं. बेचाळीस वर्षांनी तोंड उघडालाय."

"नको वाटत असेल तर नाही म्हणू या."

"का नको? मला विचारायचंच हाय त्याला. माझं नाव विकून तुला काय मिळालं, एवढंच." त्यानं गुडघा दाबला. "मेल्यावर कुणाला विचारणार?"

"मल्लू," कृष्णाजी म्हणाले.

"काय?"

खाली ग्राइंडर किंचाळत होता. तो थांबायची त्यांनी वाट बघितली. थांबला, तेव्हा उपेंद्र कॉफी घेऊन वर आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही वाळलात." मग वाळण्यावर बोलणं झालं. मग डॉक्टरवर. कृष्णाजी दोन बस बदलून घरी गेले.

शनिवारी ते सकाळी फिरायला गेले आणि अर्ध्या वाटेतून परत आले. वर्तमानपत्र उघडलं, मिटलं. देवासमोर बसले आणि उठले. दुपारी संहिताचा पुन्हा फोन आला. तिच्या कंपनीनं पोलंडमधल्या पन्नास जणांना काढलं होतं आणि त्यांचं काम इथल्या लोकांच्या गळ्यात घालायचं चाललं होतं. ते घेणार नाही, असं पत्र ही पोरं लिहीत होती.

"अज्जा, खाली नावं घालू की नुसतं युनियन म्हणून पाठवू? तुम्ही लोकांनी घातली होती ना?"

"मला काय कळतं त्यातलं," कृष्णाजी म्हणाले.

"तुम्हाला नाही तर कुणाला कळणार?"

त्यांनी काहीतरी सांगून फोन ठेवून दिला.

भागुबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या दोन दिवस नुसतं बघत होत्या. "आता सांगणार आहात की डॉक्टरला बोलवू?"

कृष्णाजींनी सांगितलं. ट्रे, कार्बन, एकोणीस तारीख, सगळं. फार वेळ लागला नाही. बेचाळीस वर्षं बाळगलेली गोष्ट पाच मिनिटांत सांगून होते, याचंच त्यांना नवल वाटलं.

भागुबाईंचे हात थांबले होते. "दर गौरीला तो माणूस आपल्याकडं जेवायला येतो," त्या म्हणाल्या. "मी वाढते, तुम्ही आग्रह करता. आणि हे तुमच्या पोटात."

"नोकरी गेली असती. तू तेव्हा..."

"माझं नाव घेऊ नका त्यात. मला विचारलं होतं?" त्यांनी शेंगांचं ताट बाजूला सारलं. "ती बाई उद्या तारखा दाखवणार. त्याला तिच्याकडून कळलं तर तुम्ही माझ्याशीही बोलू नका."

रविवारी कृष्णाजी अडीचलाच पोचले. वर्कशॉप बंद होता. मल्लाप्पानं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि केसांना तेल लावलं होतं, जणू शिव्या द्यायलाही नीटनेटकं बसावं लागतं.

कृष्णाजी बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "हेंकनं नाव दिलं नाही. आपलं पत्र त्याला मिळायच्या आधी तुम्हाला आरोपपत्रं आली होती. प्रत माझ्याकडून राहिली. पिवळी. ट्रेमध्ये."

मल्लाप्पाला पहिल्यांदा कळलंच नाही. कृष्णाजींनी पुन्हा, क्रमानं सांगितलं.

"सवयीनं," मल्लाप्पा म्हणाला.

"सवयीनं."

"बरं. मी पण एकदा सवयीनं मशीन चालू ठेवून हात घातला होता." त्यानं डाव्या हाताचं अर्धं बोट वर केलं. "होतंय तसं." मग त्यानं ते बोट पुन्हा मुठीत घेतलं, आणि कृष्णाजींना वाटलं, संपलं. तेवढ्यात त्यानं विचारलं, "आणि तुला कळलं कवा?"

"तेरा तारखेला."

"कुठल्या महिन्याच्या?"

"ऑक्टोबरच्याच."

मल्लाप्पा मनातल्या मनात हिशेब करत होता, हे त्याच्या ओठांवरून दिसत होतं. "म्हंजे हेंक्याचं पत्र तू वाचून दाखवलास तवा तुला ठावं होतं."

"होय."

"आणि माझं पत्र लिवलास तवा पण."

"होय."

"मी बोलालो होतो आणि तू टाइप करालास. खडखड, खडखड. मला आठवतंय की. मधे थांबून विचारलास पण, या शिवीला इंग्रजीत काय म्हणू म्हणून." त्याचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचा आवाज चढत नाही हे कृष्णाजींनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. "चौकशीत महिनाभर मी तुझं नाव गिळून बसलो, किट्टण्णा."

जिन्यावर संहिताची पावलं वाजली. ती हसत आत आली, दोघांकडे बघितलं आणि हसू आवरलं. "काय झालं?"

"काय न्हाई. लाव तुझा फोन," मल्लाप्पा म्हणाला. "तुझा अज्जा बोलणार हाय. पैल्यांदा त्यालाच बोलू दे."

संहितानं फोन डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर आधी लीस आली, मग तिनं एका म्हाताऱ्याकडे कॅमेरा वळवला. हेंक फार मोठ्या कानांचा माणूस होता आणि एका कानात यंत्र होतं. त्यानं हात हलवला. मल्लाप्पानं हलवला नाही.

कृष्णाजींनी इंग्रजीत सगळं सांगितलं, तारखांसकट. लीस लिहून घेत होती, मग तिनं लिहायचं थांबवलं. संहिता पडद्याकडे न बघता आजोबांकडे बघत होती. हेंकला दोन ठिकाणी पुन्हा सांगावं लागलं, आणि ती वाक्यं मोठ्यानं ओरडून म्हणणं फार कठीण गेलं.

हेंक म्हणाला, "म्हणजे ते दुसरं पत्रही तुम्हीच टाइप केलं? त्यातलं इंग्रजी उत्तम होतं. मला शब्दकोश काढावा लागला."

"काय म्हणतोय?" मल्लाप्पानं विचारलं.

"शिव्या चांगल्या होत्या म्हणतो."

मल्लाप्पाच्या मिशीखाली काहीतरी हललं आणि लगेच थांबलं. "त्याला विचार, पत्र मिळाल्यावर त्यानं काय केलं."

कृष्णाजींनी विचारलं. हेंक कपाळ चोळत सावकाश बोलू लागला. त्याचं इंग्रजी सोपं होतं. कृष्णाजींना पहिल्या वाक्यातच पुढचं दिसलं. तो बोलायचा थांबला.

"सांग की," मल्लाप्पा म्हणाला.

संहिताला इंग्रजी येत होतं, पण तिनं सांगायचं काम आजोबांवर सोडलं. मल्लाप्पाला यातलं काही कळलं नव्हतं. एखादं वाक्य गाळायचं असतं तर त्या क्षणी गाळता आलं असतं.

"त्यांचा संप तेव्हा मिटला होता," कृष्णाजी म्हणाले. "ते जिंकले होते. तुला काढल्याचं त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळलं. तुला परत घ्या, नाहीतर आम्ही पुन्हा बाहेर पडतो, असं कंपनीला लिहायचं त्यांनी ठरवलं होतं. दोनशे चाळीस जणांनी सही केली होती. मग तुझं पत्र आलं, माझं नाव घेऊ नकोस म्हणून. त्यांना वाटलं, नाव घेतलं तर तुला आणखी त्रास होईल. म्हणून त्यांनी तो कागद पाठवला नाही."

"दोनशे चाळीस."

"हां."

"पुन्हा सांग. सावकाश."

कृष्णाजींनी पुन्हा सांगितलं. एकही शब्द सुटला नाही.

मल्लाप्पा उठला, फोनच्या अगदी जवळ जाऊन बसला, इतका की हेंकला त्याचं नुसतं कपाळ दिसत असेल. "हेंक," तो म्हणाला. "मी मल्लाप्पा. मिस्टेक. बिग मिस्टेक. यू गुड मॅन." पुढचे शब्द त्याला येईनात. हेंक पलीकडून डचमध्ये काहीतरी म्हणू लागला आणि मल्लाप्पा मराठीत बोलू लागला, तुझे पाय कसे हायत, माझा गुडघा गेलाय बघ. त्यानं गुडघा वर करून दाखवला. हेंकनंही आपला दाखवला. कृष्णाजी भाषांतर करायला पुढे सरकले तेव्हा मल्लाप्पानं मागे न बघता हातानं थांबवलं.

कॉल संपल्यावर तो म्हणाला, "संहिता, त्याचा पत्ता मला मोठ्या अक्षरात लिवून दे." मग कृष्णाजींकडे वळला. "तू जा आता. पुढच्या रविवारी येऊ नकोस."

"बरं."

"मी बोलवीन तर ये. न बोलवलो तर न्हाई."

 परतताना रिक्षात, जयनगरजवळ, संहितानं विचारलं, "तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"भ्यालो," कृष्णाजी म्हणाले. दुसरं काही उत्तर असतं तर त्यांनी दिलं असतं.

त्यानंतर पाच रविवार गेले. रविवारी सकाळी कृष्णाजी लवकर उठतात, अंघोळ करतात, बाहेरचा शर्ट घालतात आणि खुर्चीत बसतात. दहा वाजता भागुबाई कॉफी आणून देतात. अर्ज लिहायला कुणी आलं तर पूर्वी ते लगेच बसायचे, आता अर्ज लिहिता लिहिता मधेच उठून खिडकीशी जातात, परत येतात आणि विचारतात, "कुठवर आलो होतो?"

परवा मंगळवारी दुपारी फोन वाजला. पलीकडून कुणी हॅलो म्हटलं नाही.

"हेंक्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय," मल्लाप्पाचा आवाज आला. "उपेंद्र कामात हाय. लवकर बरा हो, जास्त चालू नकोस, हे इंग्रजीत कसं लिवायचं?"

कृष्णाजींनी सांगितलं. एकेक अक्षर सुटं करून, दोन वेळा. मल्लाप्पानं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, एक अक्षर चुकलं होतं ते दुरुस्त केलं आणि फोन ठेवून दिला.